माळढोकाची वर्गणी

चार पक्षीवेडे एकत्र बसले, की पक्षी दिसोत न दिसोत, किस्से मात्र साठतातच! सत्तर-ऐंशीच्या दशकात आमचं मंडळ नाशकात दामूअण्णांच्या शिंपीदुकानात जमायचं. येवल्याकडच्या माळावर माळढोक हा मोठा, दुर्मिळ पक्षी अजून तग धरून होता. शिकारी आणि मेंढरांपासून त्याची अंडी वाचवायला आम्ही रामभाऊंना राखणीला ठेवलं होतं. त्यांच्या पगारासाठी आम्ही दारोदार वर्गणी मागत फिरायचो.

*

एकदा एका कचेरीत मदत मागायला गेलो. साहेबांनी विचारलं, "पक्षी आहेत किती?"

"तीन."

"तिनासाठी निधी? अहो, जरा वाढू द्या, मग या!"

*

पिंपळगावच्या एका द्राक्षव्यापाऱ्यानं वर्गणी दिली, पण माळावर आपल्या नावाची पत्र्याची पाटी लावायच्या अटीवर. लावली. महिन्याभरात पाटी गायब! रामभाऊंनी ती शेळ्यांच्या खोपटाला दार म्हणून बसवली होती.

"शेठचं नाव बाहेरच्या अंगाला ठिवलंय की, साहेब!"

*

एका शाळेत आम्ही स्लाइड शो ठेवला. शेवटी एका म्हाताऱ्या जमीनदारानं सगळ्यांत मोठी नोट काढली. "लहानपणी आमच्याकडं शिकारीत असायचा हा. लय चवदार!"

दामूअण्णांनी नोट खिशात घातली आणि पुन्हा हात पुढे केला. "अजून एक द्या. खाल्लेत त्या मानानं कमी आहे!"

*

मग एका वर्षी पावसाळा सरल्यावर रामभाऊ दुकानात आले आणि टोपी काढून बसले. "औंदा एक बी दिसला नाय, अण्णा."

अण्णांनी मशीन थांबवलं नाही. "येतील परत. वर्गणीदारांना इतक्यात काही बोलू नका." मला तिथंच रडू आलं.

*

निवृत्त शिक्षिका कांबळेबाई दरवर्षी पेन्शनमधून वर्गणी द्यायच्या. त्या वर्षी त्यांनी हट्टच धरला, "एकदा मला पक्षी दाखवा." नाही कसं म्हणणार? मी त्यांना एसटीनं येवल्याला नेलं.

माळावर रामभाऊंनी लांब बोट केलं. "त्ये बघा बाई, गवतातून मान वर काढलीया!"

तिथं नुसतं गवत होतं. बाईंनी चष्मा पुसला आणि बराच वेळ त्या दिशेला पाहत राहिल्या.

"दिसला हो," त्या म्हणाल्या. रामभाऊंनी मान फिरवली.

परतीच्या एसटीत बाईंनी पर्स उघडली आणि माझ्या हातात पैसे कोंबले.

"पुढच्या वर्षीची वर्गणी आत्ताच घ्या. पुढच्या वर्षी कोणत्या तोंडानं मागायला याल?"