बिलो

"पावणं, ही आमची बिलो."

आबा असं म्हणाले आणि सोफ्यावर बसलेले दोघंतिघं फिदीफिदी हसले. मी नकाशांची गुंडाळी काखेत धरून दारात उभी होते. मीही हसले. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय.

आबा म्हणजे माझे मालक. कोल्हापुरात सरकारी कामं घेणारे ठेकेदार. ऑफिस बावड्याच्या रस्त्याला. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर मी तिथं लागले. काम टेंडरचं. नकाशा बघून माती किती उकरायची, वीट किती लागेल, सळी किती, सिमेंट किती, हे काढायचं. मग एकेकाचा दर बसवायचा. सरकारनं धरलेल्या रकमेच्या वर भरलं की अबाव्ह, खाली भरलं की बिलो. किती बिलो गेलं तर काम हाताला लागेल आणि पदरातही काही पडेल, हे सांगणारी मी. म्हणून मला बिलो म्हणतात, अशी माझी समजूत. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "चांगलं हाय की. कामावरनं नाव पडलंय."

"बिलोला बोलवा." "बिलो, तू मागच्या गाडीत बस." "बिलोचा डबा ह्या टेबलावर नको, तिकडं ठेवा." डबा तिकडं का, हे विचारायचं ओठांवर यायचं. मग घरातला किराणा आठवायचा आणि मी तिकडं जाऊन जेवायचे.

खरं तर पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. आबांनी मला नाव विचारलंच नव्हतं. आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग म्हणाले, "गावात कुठं?" मी म्हणाले, खालच्या अंगाला, ओढ्याकडं. "बरं," म्हणाले. आमच्या बौद्ध वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही असल्या 'बरं'चा अर्थ समजतो.

मग आमच्याच वस्तीचं टेंडर निघालं. अभ्यासिका. वर स्लॅब, आत टेबलं, पुस्तकांची कपाटं. आमची पोरं आजवर पत्र्याच्या शेडात अभ्यास करत आली. पावसात पत्रा असा बडवतो की स्वतःचं वाचलेलं स्वतःला ऐकू येत नाही. मीही तिथंच शिकले. आता माझी भाची तिथं दहावीचा अभ्यास करते. नकाशा टेबलावर आला तेव्हा मला खरंच आनंद झाला. नाचावंसं वाटलं.

जागा बघायला आबांचा मुलगा बाळदादा माझ्याबरोबर आला. आला म्हणजे गाडीत बसून राहिला. काचा वर, एसी चालू. टेपचं एक टोक शेजारच्या काकांनी धरलं, दुसरं मी. मापं झाली. तेवढ्यात आई ताटात चहा आणि पाणी घेऊन आली. नवी कपबशी काढली होती. लेकीच्या मालकाचा मुलगा दारात आलाय, तिला कोण आनंद.

बाळदादानं काच चार बोटं खाली केली. "उपास हाय माझा."

"मग शेंगदाण्याचा लाडू चालतोय की," आई म्हणाली. "आत्ताच वळल्यात. आणू व्हय?"

"न्हाय. कडक हाय. पाणी पण चालत न्हाय."

आईनं हात जोडले. मला म्हणाली, "देवाधर्माचं पोरगं दिसतंय."

उचगावच्या फाट्यावर त्यानं गाडी थांबवली. कांदाभजी घेतली. बॉनेटवर ताटली ठेवून उभ्याउभ्या हाणली. मग आणखी एक ताटली. वर गाड्यावरचं तांब्याभर पाणी प्यायला. माझ्याकडं बघत होता. लाज नाही, चोरी नाही. मला कळावं म्हणूनच खात होता. तेलकट बोटं पुसायला काही मिळेना तेव्हा सीटवरचा नकाशा ओढला आणि त्याचा कोपरा फाडला. अभ्यासिकेचा नकाशा. बोटं पुसून बोळा रस्त्यावर टाकला.

मला ओकारी आली. भज्यांची नाही. आईच्या त्या जोडलेल्या हातांकडं बघून तो मनात किती हसला असेल, त्याची.

ऑफिसात परतलो तर तेच पाहुणे सोफ्यावर बसलेले. आबांचे पेठ वडगावचे भागीदार. मी दर बसवून दाखवले. मी म्हणाले, फार तर पाच टक्के बिलो जाता येईल.

"पंचवीस भर," आबा म्हणाले.

"बसत न्हाय, आबा."

"बसीव की. सळी लांब लांब टाकायची. सिमेंट आखडायचं. तिथं कोण ठोकून बघतंय?"

पाहुण्यांनाही नवल वाटलं. "आबा, बाकीच्या कामास्नी एवढं खाली जात न्हाईसा. हितंच कशापायी?"

"बिलो लोकांचं काम बिलोतच भरायचं असतंय, पावणं," आबा म्हणाले आणि हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

सगळे हसले. तेच हसणं. फिदीफिदी.

म्हणजे नाव कामावरून पडलं नव्हतं. आडनावावरून पडलं होतं. पहिल्या दिवशीच. इतकी वर्षं हे लोक माझ्या तोंडावर मला जातीवरून हाक मारत होते आणि मी "आले आबा" म्हणून धावत होते. माझ्या अंगावर कुणी थुंकलंय आणि मी ते अत्तर म्हणून मिरवतेय, असं वाटलं. किळस. त्यांची किळस, त्या सोफ्याची, त्या 'तिकडं'च्या टेबलाची.

इतक्या खाली भरलं तर त्या दरात काम कसं बसतं, याचा हिशेब टेंडरला जोडावा लागतो. तो करणारी मीच. म्हणजे माझ्या भाचीच्या डोक्यावरच्या स्लॅबमधली सळी माझ्याच हातानं चोरायची.

"मी ह्यो हिशेब करणार न्हाय," मी म्हणाले.

"का? पोटात दुखतंय व्हय? तुझ्याच लोकास्नी फुकट खोली मिळतीया. उपकार मान."

"आणि मला बिलो म्हणायचं न्हाय. माझं नाव घ्या."

हसणं थांबलं. आबा मुलाकडं वळले. "काय रं, नाव काय हिचं?"

बाळदादानं खांदे उडवले.

दोघांनाही माहीत नव्हतं. आडनाव मात्र झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगतील.

मी टेप उचलला. माझा स्वतःचा, पहिल्या पगारातून घेतलेला. बाहेर पडले आणि परत गेले नाही.

काम शेवटी आबांनाच मिळालं. पंचवीस टक्के बिलो. हिशेब दुसऱ्या कुणी करून दिला. असली माणसं पैशाला पासरी मिळतात. मला कोल्हापुरातला दुसरा ठेकेदार दारात उभं करत नाही, कारण सगळे एकाच माळेचे मणी. आई म्हणते, "गप बस, पोरी. काम बंद पडलं तर वस्तीच आपल्याला शिव्या घालंल." घालू देत. पडक्या छताखाली रडण्यापेक्षा त्या शिव्या बऱ्या.

आता भिंती वर आल्यात. स्लॅबच्या फळ्या आणि टेकू लागलेत. सळीची जाळी बांधून झाली की काँक्रीट पडायच्या आधी मी टेप घेऊन वर चढणार आहे. काकांना सांगून ठेवलंय, दुसरं टोक तुम्ही धरायचं. दोन सळ्यांमधलं अंतर मोजणार. जिथं नकाशापेक्षा जास्त भरेल तिथंच जाळीवर मांडी घालून बसणार. माझ्या अंगावर काँक्रीट ओतायची हिंमत असेल तर ओता.

मग आबांना यावं लागेल. खाली उभं राहून, मान वर करून मला हाक मारावी लागेल. बिलो म्हणून मारली तर मी उतरणार नाही. नाव घेऊन मारली तरी सळी बदलल्याशिवाय उतरणार नाही.