दोन कॅमेरे आणि सुमन

हिवाळ्याच्या सकाळी आमच्या गावात पहिली जाग येते ती नाकाला. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर, किंचित आंबूस वास धुक्याच्या अंगाला लागून येतो, पपईच्या बागांवरून सरकत सरकत ओट्यावर चढतो आणि उघड्या दारातून सरळ आत शिरतो. लहानपणापासून हा वास म्हणजे माझ्या लेखी थंडीचा ऋतू. गेल्या वर्षी याच वासात सुमन, माझी पत्नी, आम्हाला सोडून गेली. तेव्हापासून कारखान्याचा हंगाम सुरू झाला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. ऋतूंनाही माणसांची अशी कायमची सवय लागते का हो?

पंधरवड्यापूर्वी तिचं वर्षश्राद्ध झालं. तिची थोरली बहीण विमलअक्का आणि अक्काची मुलगी प्राजक्ता दोन दिवस आधीच तळोद्याहून आल्या होत्या. प्राजक्ता धडगावला परिचारिका आहे. जीपमध्ये दाटीवाटीने बसून घाट चढताना तिला रोज नवा सातपुडा दिसतो आणि त्याचे फोटो काढायची हौस आता तिला स्वस्थ बसू देत नाही. तिने माझ्या कपाटातले दोन्ही कॅमेरे काढून गादीवर ठेवले आणि विचारलं, "मावसा, यामातला कोनता लेऊ?" मी शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, भिंग, प्रकाश, प्रतिमा हा माझा हातचा मळ. पण त्या दिवशी मी एकदा हा, एकदा तो कॅमेरा हातात घेऊन नुसता तोलत राहिलो.

त्यातला एक माझा, डीएसएलआर. त्या जातीतला सगळ्यात साधा, शिकाऊ माणसाचा, पण माझ्या दृष्टीने राजाचा हत्ती! त्याच्या दोन लेन्स, त्यांची टोपणं, ते पुसायचं मऊ फडकं, पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून हवाबंद डबा... एवढा लवाजमा खांद्यावर घेऊन मी शेतात निघालो की वाटेतली माणसं "गुरुजी, मोजणीले चालनात का?" म्हणून विचारत. दुसरा सुमनचा. तिच्या पर्समध्ये मावणारा सुपरझूम, ज्याची लेन्स कधी बदलावी लागत नाही आणि जो ओट्यावर बसल्या बसल्या नदीपलीकडच्या देवळाचा कळस हाताशी आणून देतो. ती मला चिडवायची, "तुम्हना कॅमेरा म्हंजे बैलगाडी. जुपता जुपता पाखरू उडी जास!" आणि खरंच, मी लेन्स बदलेपर्यंत तिने तीन बगळे टिपलेले असत. मग मीही सोडत नसे. तिच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी पट्टी, करंगळीच्या नखाएवढा, संध्याकाळ झाली की त्याच्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे उमटतात, बटण दाबल्यावर तो आधी विचार करतो आणि मग फोटो काढतो, असं मी ऐकवायचो. ती म्हणायची, विचार करून काम करणारं घरात एक तरी कुणी हवं.

पण या दोन यंत्रांतला खरा भेद वजनाचा नाही आणि पल्ल्याचाही नाही, हे मला फार उशिरा उमगलं. डीएसएलआरला डोळा लावावा लागतो. एक डोळा त्या छोट्या खिडकीला चिकटवायचा, दुसरा मिटायचा, श्वास रोखायचा, आणि मग जगात तुम्ही आणि तुमचं लक्ष्य एवढंच उरतं. केवढी ती एकाग्रता आणि केवढा तो अहंकार! सुमन मात्र कॅमेरा हातभर लांब धरून पडद्यावर बघायची. दोन्ही डोळे उघडे, तोंड चालू, एकीकडे चुलीवरच्या दुधाकडे लक्ष. माझ्या मोठ्या सेन्सरची मिजास अशी की तो एकालाच स्पष्ट करतो आणि त्याच्या मागचं सगळं विश्व विरघळवून टाकतो. आम्ही छायाचित्रकार त्या विरघळण्यावर जीव टाकतो. तिच्या नखाएवढ्या सेन्सरला ती कला कधी साधलीच नाही. त्याच्या फोटोत पुढची शेळी, मधला बांध, मागची बाई आणि त्याही मागचा डोंगर सगळे सारखेच स्वच्छ, सगळे सारख्याच मानाचे. तेव्हा मी त्याला उणेपणा समजत होतो.

सुमनच्या दुखण्याचे ते शेवटचे दिवस. सुरतेच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्यानंतरच्या आठवड्यातली एक दुपार. सुमनला त्या दिवशी जरा हुशारी वाटत होती. तिने शेजारणीकडून वेणी घालून घेतली, कुंकू लावलं, उशीला टेकून बसली आणि मला म्हणाली, "मन्हा एक फोटो काढी ल्या ना. तुम्हना मोठा कॅमेरामा."

आमच्याकडे आजारी माणसाचा फोटो काढत नाहीत. काढला तर आयुष्य तुटतं म्हणतात. वर्गात उभा राहून मी असल्या समजुतींची शंभरदा टर उडवली असेल. पण त्या दुपारी फळ्यावरचं सगळं विज्ञान पुसलं गेलं. मला वाटलं, हा फोटो मी काढला तर तोच भिंतीवर लागेल. नाही काढला, तर भिंतीला वाट बघावी लागेल. म्हणून मी हसून म्हणालो, "बरी व्हय, मंग काढसू."

"मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाली आणि वेणी पुढे घेऊन बसली. तिने आयुष्यात माझ्या कॅमेऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी दिली नाही. भीतीपोटी दिली नाही, प्रेमापोटी दिली नाही, काय वाटेल ते म्हणा. दिली नाही हे खरं. नवव्या दिवशी ती गेली.

दहाव्यासाठी फोटो हवा म्हणून आम्ही घर धुंडाळलं. माझ्या संगणकात हजारो फोटो होते, पण तिचा एक धड चेहरा सापडेना. मोबाईल समोर आला की ती पदराआड व्हायची. आधार कार्डावरचा फोटो तर तिचा तिलाही ओळखू येत नसे. शेवटी एका लग्नातल्या अठरा जणांच्या फोटोतून बाजारातल्या स्टुडिओवाल्याने तिचा चेहरा कापून घेतला, मोठा केला आणि त्याच्याकडे तयार असलेल्या एका जरीच्या शालूवर बसवला. गळ्यात चपलाहार, मागे निळं आकाश. बिचाऱ्याने मन लावून काम केलं होतं. सगळ्यांना तो असंच करून देतो. दहाव्याला हारांच्या ढिगात फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. मी मात्र वर्षभर त्या परक्या शालूसमोर उदबत्ती लावत आलो.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पानं उठली, मंडळी पांगली, आणि विमलअक्का त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. या खेपेला चंदनाचा एकच बारीक हार होता, त्यामुळे फोटो पुरता दिसत होता. अक्काने बराच वेळ न्याहाळला. मग वळून म्हणाली, "हाई मन्ही बहीण नही शे, गुरुजी. हाई लुगडं तिन्हं नही, हाऊ हार तिन्हा नही." मग तिने हळूच विचारलं, "इतला फोटो काढात तुम्ही, तुम्हना कॅमेरामा तिन्हा एकबी नही का?" तिच्या आवाजात दोष नव्हता. दोष दिला असता तर सोसायला सोपं गेलं असतं. प्राजक्ता खाली मान घालून माझ्या लेन्सच्या टोपणाची उगाच उघडझाप करत बसली.

समोरच्या भिंतीवर माझा सर्वांत गाजलेला फोटो टांगलेला आहे. आमच्या शेतातल्या विहिरीच्या पाइपावर बसलेला खंड्या. चोचीत मासोळी, पाठीवरचं निळं पीस न् पीस मोजून घ्यावं इतकं रेखीव, आणि मागे राणी रंगाचा एक मऊ, विरघळलेला डाग. शाळेच्या प्रदर्शनात लोक त्या डागावर भाळले होते. मागे काय आहे म्हणून कुणी विचारलं की मी सांगायचो, बोगनवेल. तसं सांगताना मला कधी शंकाही आली नाही. अक्का डोळे पुसत त्या भिंतीकडे वळली, दोन पावलं मागे सरली, आणि लांबूनच त्या डागाकडे बोट दाखवून म्हणाली, "हाई दखा. हाई शे मन्ही बहीण. कंबरवर हात ठेईसन उभी शे."

मी उठून जवळ गेलो. जवळून काहीच दिसेना. मागे येऊन अक्काच्या शेजारी उभा राहिलो, आणि मग तो डाग हळूहळू उभा राहिला. तिचं राणी रंगाचं लुगडं, एक हात कमरेवर, डोकं जरासं डावीकडे कललेलं, दुसऱ्या हाताशी काहीतरी पांढुरकं. न्याहारीचं फडकं असणार. ती माझी भाकरी घेऊन आली होती आणि मी डोळा मिटून श्वास रोखून बसलेला पाहून बांधावरच थबकली होती. पाखरू उडू नये म्हणून ती हलली नव्हती. किती वेळ उभी होती, कोण जाणे! खंड्याला मासोळी मिळेपर्यंत तरी नक्कीच. आणि ज्याच्यासाठी ती उभी होती त्या माणसाने घरी येऊन, फोटो मोठा करून, चौकटीत बसवून जगाला सांगितलं की मागे बोगनवेल आहे. आमच्या विहिरीवर बोगनवेल नाही. कधीच नव्हती.

प्राजक्ताला मी मोठा कॅमेरा दिला नाही, सुमनचा दिला. सगळं सारखंच स्वच्छ दाखवणारा.

अक्का आणि प्राजक्ता निघण्याआधी मी शालूवाला फोटो उतरवून कपाटात ठेवला आणि चंदनाचा हार खंड्याच्या फोटोला घातला. आता येणारे-जाणारे दारातच थबकतात. "गुरुजी, पाखराले हार कसाले?" म्हणून विचारतात. मी त्यांना दोन पावलं मागे उभं करतो आणि लांबूनच बोटाने दाखवतो: हा हात, ही कंबर, ही कललेली मान. ते बघतात, माझ्याकडे बघतात, आणि मला बरं वाटावं म्हणून मान डोलवतात. त्यांना काही दिसलेलं नसतं. मलाही इतकी वर्षं दिसलं नव्हतं, म्हणून मी त्यांच्यावर रागावत नाही.