वारज्याच्या गोठ्यातले डास

“ताई, वारज्याच्या पिंजऱ्यातले डास वारज्याचे नाहीतच,” स्क्रीनवरची नजर न काढता नेहा मॅडम म्हणाल्या.

मी हातातली मनुकांची बशी खाली ठेवली. आमच्या लॅबमध्ये मलेरियाचे डास पाळतात. त्यांना गोड लागतं, म्हणून भिजवलेल्या मनुका. अठरा वर्षं हे काम माझ्याकडे आहे.

त्या पिंजऱ्यातले पहिले डास मीच पकडले होते, वारज्याला माहेरच्या गोठ्यात. पहाटे टॉर्च मारायचा आणि भिंतीवर बसलेली मादी काचेच्या नळीने अलगद ओढून घ्यायची. आई धार काढता काढता हसायची, “लोक मारत्यात, आमची लेक पाळती!” आता तिथे सोसायटीचं पार्किंग आहे. आई नाही, म्हशीही नाहीत. पण पिंजऱ्यापाशी उभी राहिले की मला गोठ्याचा वास यायचा. डासांसाठी जीव तुटतो हे कुणाला सांगणार? पण तुटायचा.

मॅडमनी सिक्वेन्सिंग केलं होतं. म्हणजे डासाच्या पेशीतला जनुकांचा सगळा मजकूर अक्षरन् अक्षर वाचायचा. फवारणीला डास का दाद देत नाहीत, ते त्यातून शोधायचं होतं. तुलनेला त्याच गोठ्यातल्या, टाचणीवर वाळवून ठेवलेल्या डासाचा एक पाय घेतला. तो जुळेना. पिंजऱ्यातले सगळे जुळले ते शेजारच्या पिंजऱ्याशी.

मी निवृत्त झालेल्या कांबळेंना फोन लावला. आईच्या आजारपणात मी रजेवर होते, तेव्हा पिंजरे ते बघायचे.

ते म्हणाले, “अहो ताई, एसी बिघडला आणि दोन दिवसांत सगळे गेले. तुम्ही आईचे दिवस उरकून आलात त्या थेट पिंजऱ्यापाशी. तुमच्या तोंडाकडे बघून सांगवेना. शेजारचे भरून ठेवले होते.”

रागवायला हवं होतं. मला रडू आलं. मग इतकी वर्षं तो वास यायचा तरी कुठून?

मॅडमनी टाचण्यांची पेटी पुढे केली. पाच वाळके डास, एकाला पाय कमी. खाली माझं अक्षर: गोठा, वारजे.

“तुमचे हे. पिंजऱ्यातल्यांचं काय करू या?”

“लेबल बदला,” मी म्हटलं आणि मनुका आत ठेवल्या. इतकी वर्षं जेवू घातलंय त्यांना.

नव्या लोकांना मी एकच सांगते. पिंजरा भरलात, की डास कुठले ते त्याच दिवशी लेबलावर लिहा. कुणाच्या तोंडाकडे बघू नका.