दातांच्या दवाखान्यातला कॉर्डलेस

राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान मी आणि माझ्या मावसभावानं मिळून काढलं होतं. घराघरांत, दवाखान्यांत वायरलेस इंटरनेट नुकतंच यायला लागलं होतं. ते बसवायचं काम माझं, गोड बोलून गिऱ्हाईक आणायचं काम त्याचं. मग एक दिवस त्यानं वेगळं दुकान काढलं आणि निम्मी गिऱ्हाइकं नेली. तेही मी गिळलं असतं. पण तो सगळीकडं सांगत सुटला, "तिनं बसवलेलं टिकत न्हाय. बाईमाणसाला त्यातलं काय कळतंय?" मावशीनं तेच आईला बारशात, चार बायकांपुढं ऐकवलं. आई घरी येऊन भिजवलेले तांदूळ पुन्हा पुन्हा धूत राहिली. तिची ती पाठ बघून मी ठरवलं, हे सोडायचं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्या दवाखान्यातलं वायरलेस मी बसवलेलं, पण आता त्या दादाच्या, म्हणजे त्या मावसभावाच्या, गिऱ्हाईक होत्या. एक्स-रेच्या खोलीतून फोटो बाईंच्या लॅपटॉपवर यायचा, तो अर्ध्यातच अडकायला लागला होता.

"तुमचा भाऊ म्हणतो, मुळात तुम्हीच चुकीचं बसवलंय," बाई म्हणाल्या. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"बघून सांगते," मी म्हटलं.

दवाखान्यात गेले आणि एकेक वस्तू बंद करून बघितली. आधी डबे गरम करायच्या मायक्रोवेव्हवर संशय घेतला, कारण तो चालू असला की वायरलेसला त्रास होतो. पण फोटो अडकायचे तेव्हा तो बंदच असायचा. मग लक्षात आलं, काउंटरवरच्या मुलीनं फोन उचलला की नेटवर्क जातंय आणि ठेवला की परत येतंय. कॉर्डलेस फोन होता, परदेशी, वायरलेसच्याच लहरींवर चालणारा. त्याचं स्टँड अगदी राउटरला खेटून ठेवलेलं.

"हा फोन कुठनं आणला?" मी विचारलं.

"तुमच्या भावानंच दिला की, दिवाळीची भेट," मुलगी म्हणाली.

मला त्या क्षणी किती बरं वाटलं, ते सांगता येणार नाही. तो फोन राउटरपासून लांब ठेवला असता तर काम तिथंच मिटलं असतं. मी ठेवला नाही. बाईंना म्हटलं, "त्यालाही बोलवा. समोरासमोर होऊ दे."

संध्याकाळी तो आला. दवाखाना पेशंटांनी भरलेला. आल्या आल्या म्हणाला, "मी म्हटलं न्हवतं, हिचंच काम कच्चं हाय?"

मी वाद घातला नाही. लॅपटॉप त्याच्यापुढं धरला, मुलीला एक एक्स-रे पाठवायला लावला आणि म्हटलं, "दादा, तेवढा तो फोन उचल."

त्यानं उचलला. फोटो थांबला. "ठेव." फोटो पुढं सरकला. "उचल." परत थांबला. मी त्याला ते इतक्या वेळा करायला लावलं, की बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "अगं बास की आता, कळलं सगळ्यांस्नी."

बाईंनी फोन स्टँडसकट त्याच्या हातात दिला. "हा घेऊन जा. आणि उद्यापासून तुम्ही यायची गरज नाही."

जिन्यात त्यानं मला गाठलं. आवाज खाली आला होता. "आधी मला एकट्याला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"माझ्या आईला एकटीला सांगितलंवतं व्हय तुम्ही?"

तो फोनची वायर हाताला गुंडाळत उतरून गेला.

त्या दवाखान्यातल्या पेशंटांमध्ये दुकानदार होते, क्लासवाले होते. गोष्ट राजारामपुरीभर झाली. वर्ष व्हायच्या आत त्याचं दुकान बंद पडलं, तो इचलकरंजीला नोकरीला लागला. मावशी आमच्याकडं यायची बंद झाली. आई म्हणायची, जाऊन एकदा बोल त्याच्याशी. मी अजून गेलेले नाही.