पुस्तकात लग्न नव्हतं

मी मॅट्रिक झालेली, आणि त्याचा मला भारी माज होता. खालापूरजवळच्या आमच्या गावात, सत्तर सालच्या आसपास, सासरच्या घरात पुस्तक वाचणारी बाई मी एकटीच. नवरा खोपोलीच्या कारखान्यात होता. तिथल्या वाचनालयातून हाताला लागेल ते पुस्तक तो माझ्यासाठी आणायचा. एकदा त्याने परग्रहावरची कादंबरी आणली.

त्या ग्रहावर दोन सूर्य होते, ते मला एका पानात पटले. माणसं मात्र पटेनात. तिथे ज्याचा जोडीदार मरेल त्याच्या मनगटावर राखाडी पट्टी बांधायचे, आणि त्या दिवसापासून तो कुणाला दिसायचा नाही. म्हणजे दिसायचा, पण समोर आला की सगळे मान वळवायचे. जेवण उंबऱ्याबाहेर ठेवायचे. ना पोलीस, ना तुरुंग. मग ऐकतात कशाला? मी चिडून कॅलेंडरच्या मागे त्यांचे नियम लिहून काढायला घेतले. लेखक काहीतरी सांगायचं विसरलाय, अशी माझी खात्री होती.

दुपारी आम्ही दोघी जावा ओटीवर चिंचा फोडत बसायचो. मोठी जाऊ पंचविशीच्या आतच विधवा झालेली, पदरात एक मुलगी. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवायची, जरा उपकार केल्यासारखं. तर पुढचा नियम मी वाचायच्या आत हिला ठाऊक!

"सनासुदीला त्या पट्टीवालीला पुढल्या दारानं येऊ देत नसतील," ती म्हणाली. दोन पानांनी तेच निघालं.

"पण ताई, पोलीस नाही, तर ही माणसं भितात कुणाला?"

ती हसली. "पोलीस कशाला लागतोय गं? शेजारीन बघत हाय ना, तेवढं बास." चिंचोका टोपलीत टाकून तिने विचारलं, "लेकीचं लगीन येतंय का त्यात? तवा काय करत्यात तिला?"

मी शेवटपर्यंत पानं चाळली. "लग्न नाहीच यात."

"नाय? मंग लिवनाऱ्याला काय म्हाईत नाय."

तिच्या लेकीचं लग्न त्याच वैशाखात होतं. कन्यादानाला मी आणि माझा नवरा बसणार, हळदीचा पहिला हात माझा. जन्म देणारीने स्वयंपाकघरात थांबायचं, हे कुणाला ठरवावंही लागलं नव्हतं. आदल्या दिवशी तिने माझा हात धरला. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"एक बोट लावू दे मला. पाच सवाष्नींचं झाल्यावर, सगळ्यांच्या मागून. तू बोलीव, म्हंजी कोन काय बोलनार नाय."

"बोलवते ना, ताई!" मी म्हटलं. मॅट्रिक झालेली बाई मी. परग्रहावरच्या अन्यायावर आठवडाभर धुसफुसलेली.

मांडवात पाचजणींची हळद लावून झाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, धुऊन पुसलेला उजवा हात पोटाशी धरून. पोरगी पाटावरून तिकडेच बघत होती. वाटी माझ्या हातात. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. कुणीच बोललं नाही. फक्त गाणी म्हणणाऱ्या बायका थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. जावेची नि माझी नजर भिडली.

मी मान वळवली.

"चला, आंघोळ घाला पोरीला," मी म्हटलं. अख्खं गाव एकदम असं कसं वागेल, त्याला काही सराव नको का, असं मी कादंबरी वाचताना म्हणाले होते. मला सराव लागला नाही. लाज वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त हायसं वाटलं, हे खरं सांगते. बायकांनी पुन्हा गाणं धरलं होतं.

संध्याकाळी ती मोरीत राखेने भांडी घासत बसली होती. हातातली हळदीची वाटी मी सवयीने तिच्यापुढे टाकली. तिने ती उचलली. कडेला चिकटलेली हळद बोटाने निपटली, बोटाकडे थोडा वेळ बघितलं आणि वाटी घासायला घेतली.

"ते पुस्तक परत दिलंस का गं?" तिने वर न बघता विचारलं.

"दिलं कधीच."

"मंग पुन्यांदा आन. लगीन आलं की काय करत्यात, तेवढं लिवून दे त्यात. आता म्हाईत झालंय तुला."