मंगळवारची वांगी

गावातल्या बायकांनी ठरवलं, की ज्यांच्या शेतात भाजी आहे त्यांनी दर मंगळवारी थोडी अंगणवाडीत द्यायची. ती तिथंच शिजवून गरोदर बाया, लहान लेकरांच्या आया आणि लेकरं यांनी जेवायचं. बैठकीत सगळे हो म्हणाले. नोंद ठेवायचं काम मी मागून घेतलं. माझा वाटा दोन किलो वांगी. अकरा मंगळवारांत एकदाही खाडा नाही. नोंदीचा कागद अंगणवाडीच्या भिंतीवर असे, आणि त्यात माझी ओळ सगळ्यात भरलेली दिसे.

बाराव्या मंगळवारी वांगी देऊन निघालो, पण चष्मा राहिला म्हणून परत वळलो. ओसरीवर बायका भाजी चिरत होत्या. त्यात माझ्याकडे तोडणीला येणारी एक तरुण आई होती. तिच्या दीड वर्षाच्या मुलीचं वजन दोन महिने हललं नव्हतं. अंगणवाडीच्या ताईंनी ते बैठकीत सांगितलं होतं, आणि मी मान डोलावली होती.

"भाऊच्या वांग्यात पाहुणेच लय निघून राह्यले!" फोडीतली अळी काढून टाकत एक म्हातारी म्हणाली. "भाजी त्यायलेच पुरते."

सगळ्या हसल्या.

"तू काऊन नाई हासत व?" म्हातारीनं त्या तरुण आईला विचारलं.

"मले मालूम होतं ना मावशी. सकाळी मीच त बाजूले काढले हे."

मग त्यांनी मला पाहिलं. तिनं मुलीला जवळ ओढलं.

आमच्याकडे चांगली वांगी सेलूच्या बाजारासाठी क्रेटमध्ये जातात आणि किडकी बांधावर पडतात. मी त्या ढिगातली दोन किलो मोजून देत होतो. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. वजन बरोबर होतं ना!

मी ताईंना माझ्या वांग्यांच्या साफ केलेल्या फोडी तोलायला सांगितल्या. नऊशे ग्रॅम भरल्या. सवयीनं वजाबाकीही करून झाली. अकराशे ग्रॅम कचरा. समोर ती मुलगी एका देठाशी खेळत होती. तिचे हात किती बारीक होते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

पुढच्या बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं आणि माझ्या ओळीवर रेघ मारली. "जाऊ द्या ना भाऊ," मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आमी बी तेच देतो." त्यानं मला हलकं वाटायला हवं होतं. उलट झालं. त्या पातेल्यात काय पडत होतं, हे नोंद ठेवणाऱ्यालाच माहीत नव्हतं.

मंगळवारी तोडणीच्या वेळी मी त्या मुलीच्या आईला म्हणालो, "आज अंगणवाडीची टोपली पहिले भरजो. क्रेट मागून."

"हो काका."

मी मोटर सुरू करून आलो. क्रेटमध्ये चकचकीत वांगी होती आणि टोपलीत भोकं पडलेली. तिचंही लक्ष आत्ताच गेलं होतं.

"अवो काका, हाताले सवयच पडली," ती म्हणाली आणि खाली पाहू लागली. लाजली ती. सवय मी लावलेली, आणि लाज तिला.

मुलगी बाभळीच्या सावलीत निजली होती. मी टोपली बांधावर उलटी केली आणि क्रेटमधली वांगी एकेक करून तीत घालू लागलो.

"पुरे काका, दोन किलो झाले असतीन."

काटा मी घरीच ठेवून आलो होतो. भरत राहिलो.