अल्कलीचं पान

"काका, पुस्तक उघडू नका. समोर धरा. फोटो काढून राहिलो ना मी."

अकोल्याच्या एका सभागृहात, भरल्या मंचावर, छायाचित्रकार मला हे म्हणाला. बाकीचे मान्यवर चकचकीत कागद फाडून, मुखपृष्ठ लोकांकडे करून, हसत उभे होते. प्रकाशनात पुस्तक दाखवायचं असतं. वाचायचं नसतं.

पण पुस्तक माझं होतं. विज्ञानातले नेहमीचे शब्द कुठल्या भाषेतून आले, त्यांचा मूळ अर्थ काय, हे शाळकरी मुलांसाठी मी लिहिलं होतं. वर माझं नाव होतं. मी ते उघडलं.

अल्कलीचं पान काढलं. मी लिहिलं होतं: शब्द मूळ अरबी, अर्थ खारट वनस्पतींची राख. छापलं होतं: 'अल्पकल्क' या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश. हा अल्पकल्क मी जन्मात ऐकला नव्हता. पुढे उलटलं. अल्जिब्रा गायब. त्या अरबी शब्दात मोडलेलं हाड बसवण्याचा अर्थ आहे, हे मुलांना किती आवडलं असतं! अल्कोहोलही गायब. शून्य आपल्याकडून अरबांकडे गेलं, ते पान मात्र जसंच्या तसं. आपण दिलेलं ठेवलं. दुसऱ्याने दिलेलं खोडलं.

संपादक माझा विद्यार्थी. वडिलांच्या शिक्षणसंस्थेचा आता तो अध्यक्ष. शेजारीच उभा होता.

"हे काहून बदललं?"

"सर, इथं नका ना काढू. पोराईले आपला अभिमान वाटला पायजे म्हणून केलं. तुमाले काय फरक पडते?"

काय फरक पडतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

अमरावतीच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होतो. प्राध्यापकांनी विचारलं, अल्कली म्हणजे काय? मी उभा राहिलो. "राखेचं पानी, सर. माय पऱ्हाटीची राख भिजवते, कपडे धुवाले." कापसाच्या वाळल्या झाडांची ती राख. सर म्हणाले, "हा रसायनशास्त्राचा वर्ग आहे, तुझ्या आईची मोरी नव्हे." वर्ग हसला. वर्षभर मी 'राख्या' होतो. पुढे ग्रंथालयात, एका जाड शब्दकोशात, अल्कलीपुढे राख हाच अर्थ वाचला. त्या दिवसापासून शब्दांची मुळं शोधत आलो.

हे मी या संपादकाला, तो माझ्याकडे शिकत असताना, माझ्या घरी, माझ्या पाटावर बसवून सांगितलं होतं. तो चिडून म्हणाला होता, "त्या मास्तरले तुमी काहीच नाही म्हटलं, सर?"

त्याच मुलाने प्रस्तावनेत लिहिलं आहे: 'सरांचे प्राध्यापक त्यांना लाडाने राख्या म्हणत.' लाडाने.

मी माइककडे गेलो. म्हणालो, "हे मी लिहिलेलं नाही." पुढचं वाक्य सुरू केलं आणि माइक बंद पडला. संपादकाने लोकांकडे पाहून हात जोडले. "सरांचं वय झालं. फोनवर हो म्हणतात, मग विसरतात." सभागृह हसलं. तेच हसू. अमरावतीत मी खाली बसलो होतो. या वेळी बसलो नाही. माइकवाचून, घसा ताणून, अल्कलीचा खरा अर्थ शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला आणि मंचावरून उतरलो.

आता गावभर वेगवेगळ्या कथा चालल्या आहेत. म्हणे, म्हाताऱ्याला मधली खुर्ची दिली नाही म्हणून रागावला. खोटं. मधलीच दिली होती. म्हणे, त्याने फोनवर बदल मान्य केले होते. खोटं. फोनवर संपादकाने फक्त माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. म्हणे, याला संस्कृतचं वावडं आहे. ज्यांना शब्दरूपं येत नाहीत त्यांनी हे मला सांगू नये.

काल त्याचा निरोप आला. "सर, पुढच्या आवृत्तीत पाहू. आता पुस्तकं शाळाशाळांत वाटून झाली."

झाली ना? मग ऐक. माझं नाव पुसायला मी तुला सांगणार नाही. ज्या शाळेत ते पुस्तक गेलं, त्या प्रत्येक शाळेत मी जाणार. जिथं आत घेणार नाहीत, तिथं फाटकाशी उभा राहणार. ते पान मुलांसमोर उघडणार आणि म्हणणार: वर नाव माझं आहे, खाली खोटं छापलं आहे, आणि ते कुणी छापलं तेही विचारा. तुझं नाव मी मोठ्याने सांगेन. लाडाने नाही.